सुरीखाली काय ठेवावे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संस्थेजवळच्या एका माध्यमिक शाळेत कार्यानुभवाच्या तासाला चामड्याच्या वस्तू करायला शिकवावे असे ठरले. किल्ल्या अडकवायचा पट्टा, छोटे पाकीट, पुस्तकात ठेवायची खूणपट्टी, असा साधा बेत होता. एका चपलांच्या कारखान्यातून चामड्याचे उरलेले तुकडे वजनावर मिळाले. सुऱ्या आल्या, लोखंडी पट्ट्या आल्या. मग बाईंच्या लक्षात आले की चामडे कापताना खाली काय ठेवायचे याचा विचार कोणीच केलेला नाही. दुकानात मिळणारी हिरवी चटई प्रत्येक मुलासाठी घ्यायची तर मंजूर झालेली सगळी रक्कम तिथेच संपली असती. मी पदार्थांच्या काठिण्यावर काम करतो हे त्यांना माहीत होते. त्यांनी मला विचारले.

मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "कडप्प्याचे तुकडे वापरा." एका इमारतीचे काम चालू होते, तिथून ओट्याचे उरलेले तुकडे फुकट मिळत होते. शिवाय स्टेशनबाहेर बसणारे एक वयस्कर गटई कामगार समोर काळा दगड घेऊनच बसतात हे मी रोज पाहत होतो. स्वस्त, सपाट, टिकाऊ आणि परंपरेने सिद्ध झालेले, आणखी काय हवे?

पंधरा दिवसांत सगळ्या सुऱ्या बोथट झाल्या. बोथट सुरी म्हणजे जास्त जोर, आणि जास्त जोर म्हणजे सुरी घसरण्याची शक्यता जास्त. आठवीतल्या एका मुलीची सुरी पट्टीवरून घसरली आणि डाव्या हाताच्या बोटाला तीन टाके पडले. बाईंनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्यामुळे मला जास्तच वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर थांबून मी त्या गृहस्थांना विचारले, "काका, तुमची रापी दगडावर बोथट कशी होत नाही?" ते माझ्याकडे जरा नवलाने पाहत म्हणाले, "साहेब, दगडावर मी कापतोच कुठं? दगडावर कड तासायची, नाहीतर ठोकायचं. कापायचं ते ह्याच्यावर." त्यांनी पायाशी ठेवलेला लाकडाचा जाड तुकडा दाखवला. वरून चरे पडून तो मध्ये खोलगट झाला होता. "तुम्ही दगड बघितला, लाकूड नाही बघितलं."

निरीक्षण हा विज्ञानाचा पाया आहे असे आपण मुलांना सांगतो. मी वर्षानुवर्षे पाहत होतो, पण अर्धेच. मग हा प्रश्न इतर लोकांनी इतर काळी कसा सोडवला आहे ते मी शोधू लागलो. शोधता शोधता जे हाती आले ते इथे सांगतो.

आधी थोडे पदार्थविज्ञान. फ्रीडरिख मोस याने १८१२ साली मांडलेली खनिजांच्या काठिण्याची श्रेणी आपण शाळेत शिकवतो. तिच्यात संगजिरे १, कॅल्साइट ३, क्वार्ट्झ ७ आणि हिरा १०. या श्रेणीत चांगले पोलादी पाते साडेसहाच्या आसपास आणि खिडकीची काच साडेपाचच्या आसपास बसते. म्हणजे काच पोलादापेक्षा मऊ. तरीही काचेवर दोन-चार वेळा सुरी चालवली की धार जाते. हा विरोधाभास वर्गात मांडून पाहावा. उत्तर चटकन येत नाही.

उत्तराचा एक भाग दाबात आहे. धारदार पात्याच्या टोकाची जाडी एखादा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग असते. चामडे कापून सुरीचे टोक खाली पोचते तेव्हा एकावेळी धारेचा जेमतेम मिलिमीटरभर भाग खालच्या पृष्ठभागाला टेकतो. म्हणजे टेकलेले क्षेत्रफळ झाले ०.००१ चौरस मिलिमीटर. हाताचा जोर तीन किलोग्रॅम वजनाइतका धरला तर दाब येतो दर चौरस मिलिमीटरला ३,००० किलो! विकर्सच्या पद्धतीने मोजलेले पात्याच्या पोलादाचे काठिण्य दर चौरस मिलिमीटरला ७००-८०० किलो असते. तेव्हा कोणाला तरी माघार घ्यावीच लागते. खालच्या वस्तूने तरी, नाहीतर धारेने तरी.

पण मग काचेने माघार का घेऊ नये? तिचे काठिण्य तर ५०० च्या आसपासच. याचा उलगडा केंब्रिजच्या डेव्हिड टेबर यांच्या कामातून होतो. धातूंच्या काठिण्यावरचा त्यांचा ग्रंथ १९५१ साली निघाला. काठिण्य मोजताना आपण पदार्थाच्या मधोमध टोक रुतवतो. त्या जागेभोवती चारी बाजूंनी तोच पदार्थ असतो आणि तो तिला धरून ठेवतो. त्यामुळे काठिण्याचा आकडा पदार्थाच्या खऱ्या शरणबिंदूच्या जवळजवळ तिप्पट येतो. सुरीच्या धारेला मात्र असा शेजार नसतो. ती दोन्ही बाजूंनी उघडी असते. म्हणून ७५० काठिण्याचे पोलाद धारेच्या टोकाशी २५० लाच शरण जाते आणि ५०० ची काच जिंकते. त्यातून माणसाचा हात कधीच अगदी सरळ खाली येत नाही, थोडा कललेला असतो. मग धार झिजण्याआधीच एका बाजूला वळते. सूक्ष्मदर्शकाखाली अशी वळलेली धार वहीच्या दुमडलेल्या पानासारखी दिसते.

कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. त्यातल्या कॅल्साइटचे काठिण्य शंभर-दीडशेच असते. या हिशेबाने तो चालायला हवा होता, आणि माझ्या मनात हाच हिशेब होता. पण या दगडात क्वार्ट्झचे बारीक कणही असतात आणि त्यांचे काठिण्य हजाराच्या वर. सुरी शंभर वेळा मऊ दगडावर चालली आणि एकदा अशा कणावर आली तरी तेवढ्या जागी धार गेली. सरासरी काढून फसण्याचा हा एक नमुना.

आता इतिहासाकडे वळू. चामडे कापणाऱ्या माणसांची फार जुनी चित्रे इजिप्तमध्ये आहेत. लक्सॉरजवळ राजा तिसरा थुटमोस याचा वजीर रेखमिरे याच्या थडग्यात, इसवी सनापूर्वीच्या पंधराव्या शतकातली, कारागिरांची रंगीत चित्रे आहेत. त्यांत चपला करणारे आहेत, आणि चामडे कापण्यासाठी त्यांच्या हातात अर्धचंद्राच्या आकाराचे पाते आहे. हे पाते ओढण्यापेक्षा डोलवत दाबून चालते. आजही खोगीर बनवणारे असले पाते वापरतात. ते काश्याचे असो की लोखंडाचे, त्या काळी धातू महाग होता आणि लाकूड त्या मानाने स्वस्त. तेव्हा झीज कोणाची व्हावी हे ठरलेलेच होते.

या विषयावरची मला सापडलेली सर्वांत सुंदर नोंद मात्र एका वृक्षशास्त्राच्या पुस्तकात आहे. लंडनची रॉयल सोसायटी नुकतीच स्थापन झाली होती. जहाजबांधणीसाठी लाकूड कमी पडू लागल्याने नौदलाच्या अधिकाऱ्यांनी सोसायटीकडे सल्ला मागितला. जॉन एव्हलिन या सभासदाने उत्तरादाखल एक निबंध १६६२ साली वाचला आणि तो वाढवून १६६४ मध्ये 'सिल्व्हा' या नावाने छापला. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यात झाडागणिक प्रकरण आहे. लिंडेन, म्हणजे इंग्रज ज्याला लाइम म्हणतात त्या झाडाबद्दल (आपल्या लिंबाशी याचा काही संबंध नाही) एव्हलिन सांगतो की चर्मकार चामडे कापायला याच्या फळ्या वापरतात, कारण सुरीची धार वळवण्याइतके हे लाकूड कठीण नसते.

'धार वळवणे' हे शब्द पाहा. धार झिजते असे तो म्हणत नाही, वळते म्हणतो. टेबरच्या आधी पावणेतीनशेहून अधिक वर्षे लंडनच्या चर्मकारांना ही यंत्रणा ठाऊक होती, आणि एका दरबारी गृहस्थाने ती त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवली. एव्हलिनला लिंडेनची ओळख दुसऱ्या एका कारणानेही पक्की झाली असणार. ग्रिनलिंग गिबन्स या नावाचा तरुण कोरीवकाम करणारा त्याला १६७१ साली एका झोपडीत सापडला. त्याने त्याला राजाच्या भेटीला नेले. गिबन्सचे पुढचे जगप्रसिद्ध कोरीवकाम मुख्यतः लिंडेनमध्येच आहे. कोरणाऱ्याला आणि कापणाऱ्याला लाकडाचा एकच गुण हवा असतो. पाते ज्या दिशेला न्यावे तिकडेच जायला हवे.

हा गुण सगळ्या लाकडांत नसतो. पाइनच्या फळीत वसंतातल्या वाढीची मऊ पट्टी आणि नंतरच्या वाढीची कठीण पट्टी आलटूनपालटून येतात. सुरी मऊ पट्टीत शिरते आणि कठीण पट्टीच्या कडेने सरकत जाते. ओकमध्येही असेच. लिंडेनच्या लाकडात वाहिन्या सगळीकडे सारख्या विखुरलेल्या असतात, त्यामुळे सुरीला अमुक एक वाट सोपी वाटत नाही.

आपल्याकडचा सर्वांचा लाडका सागवान इथे नापास होतो. गाब्रिएल यांका या ऑस्ट्रियन संशोधकाने १९०६ साली लाकडाचे काठिण्य मोजण्याची पद्धत बसवली. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायची आणि त्याला लागणारे बल मोजायचे. हा विचित्र व्यास का? विद्यार्थ्यांना या व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढायला सांगावे. ते एक चौरस सेंटिमीटर येते, म्हणजे वाचलेला आकडाच थेट उत्तर. या मापाने अमेरिकन लिंडेन १९० किलोच्या आसपास, सागवान ४८० च्या आसपास आणि कठीण मेपल ६५० च्या आसपास येतो. सागवान मेपलपेक्षा मऊ, तरी सागवानावर हत्यारे लवकर बोथट होतात ही प्रत्येक सुताराची तक्रार असते. कारण सागवान मातीतली सिलिका उचलून आपल्या लाकडात साठवतो. पुन्हा तीच कडप्प्याची गोष्ट. सरासरी मऊ, पण मधूनच वाळूचा कण.

एव्हलिननंतर शंभर वर्षांनी फ्रान्समध्ये आणखी पुढचे पाऊल पडले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने देशातल्या सर्व हस्तव्यवसायांची सचित्र वर्णने छापायला १७६१ पासून सुरुवात केली. त्या मालिकेत गार्सो याने लिहिलेला जोडे बनवण्याच्या कलेवरचा ग्रंथ १७६७ साली आला. कोळसा पाडणे, कागद बनवणे, जोडे शिवणे यांवर विज्ञान अकादमीने ग्रंथ काढावेत, आणि त्यांत हत्यारांची आकृत्यांसह नोंद असावी, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आपल्याकडे १९०३-०४ च्या सुमारास इंग्रज सरकारने मुंबई, मद्रास वगैरे इलाख्यांतल्या कातडी कमावण्याच्या आणि चामड्याच्या कामावर पुस्तिका काढल्या. पण त्या बाहेरच्या माणसांनी, मुख्यतः व्यापाराच्या नजरेने लिहिल्या. ज्यांना लिहिता येत होते त्यांनी हे काम विटाळाचे ठरवले, आणि ज्यांना काम येत होते त्यांना लिहू दिले नाही. स्टेशनबाहेरच्या काकांना जे माहीत होते ते मला पुस्तकात सापडले नाही याचे कारण हेच आहे. ते ज्ञान लिहिलेच गेले नव्हते. मला ते शेवटी इंग्रजांच्या वृक्षशास्त्रात शोधावे लागले, याची लाज वाटते.

असो. पुढचा टप्पा इंग्लंडातल्या नॉर्थम्प्टन परगण्याचा. एकोणिसाव्या शतकात हा भाग जोड्यांच्या कारखान्यांसाठी नावाजलेला होता. शतकाच्या उत्तरार्धात तळ शिवण्याची यंत्रे आली आणि जोडा शिवणाऱ्यांचे हातकाम झपाट्याने कमी झाले. पण जोड्याचा वरचा भाग कापणारा माणूस, ज्याला तिथे 'क्लिकर' म्हणत, तो बराच काळ हातानेच कापत राहिला. कातडे काही कापडासारखे एकसारखे नसते. पाठीचे घट्ट, पोटाकडचे ढिले. कुठे काट्याचा ओरखडा, कुठे गोचिडीचा डाग. प्रत्येक तुकडा कुठून आणि कोणत्या दिशेने काढायचा हा निर्णय दर वेळी नवा. त्यासाठी उजेड चांगला हवा म्हणून क्लिकरांची खोली बहुधा सर्वांत वरच्या मजल्यावर असे. त्यांच्या साच्यांना पितळेची कड लावलेली असे आणि सुरी त्या कडेने फिरे.

इथे माझ्या लक्षात आले की आपण या प्रश्नाकडे चुकीच्या बाजूने पाहत आहोत. 'स्वस्त पृष्ठभाग कोणता' असा हा प्रश्नच नाही. कापताना तीन गोष्टी झिजतात किंवा वाया जातात: पाते, खालची फळी आणि चामडे. तिघांची मिळून किंमत सर्वांत कमी व्हावी हा खरा हिशेब आहे. माझ्या कडप्प्याची किंमत शून्य होती, पण पाती आणि चामडे त्याने खाल्ले. एक चौथी गोष्ट, मुलीचे बोट, ती तर हिशेबात धरलीच नव्हती. क्लिकरच्या टेबलावर सर्वांत महाग वस्तू म्हणजे कातडे. म्हणून तिथे फळी अशी हवी की सुरी जराही भरकटू नये. फळी स्वस्त आहे की नाही हा प्रश्न तिथे शेवटचा.

विसाव्या शतकात क्लिकरच्या मदतीला दाबयंत्र आले. १८९९ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या युनायटेड शू मशिनरी कंपनीने ते कारखान्याकारखान्यांत पोचवले. तुकड्याच्या आकाराचा पोलादी साचा, ज्याची खालची कड धारदार असते, तो चामड्यावर ठेवायचा आणि यंत्राचा बाहू त्यावर आपटवायचा. आता हलक्या हाताची सुरी नव्हती, यंत्राचा तडाखा होता. लिंडेनची फळी त्याखाली चिरडली असती. तिथे मेपलचा ठोकळा आला, आणि तोही तंतू उभे ठेवून.

तंतू उभे म्हणजे काय हे वर्गात झाडूच्या काड्यांनी छान दाखवता येते. जुडी आडवी ठेवून तिच्यावर सुरी चालवली तर काड्या तुटतात. जुडी उभी धरून वरून सुरी दाबली तर पाते काड्यांच्या मधून शिरते आणि काढल्यावर काड्या पुन्हा जवळ येतात. लाकूड म्हणजे सूक्ष्म नळ्यांची जुडीच. आडव्या फळीवर प्रत्येक कापाबरोबर तंतू तुटतात आणि चरा कायमचा राहतो. उभ्या तंतूंच्या ठोकळ्यात पाते तंतूंमध्ये शिरते, धारेला कमी त्रास होतो आणि चरा बराचसा मिटतो. मटणाच्या दुकानात चिंचेच्या बुंध्याची आडवी कापलेली चकती असते ती याच कारणाने. कारखान्यात मात्र अखंड चकती चालत नाही. लाकूड वाळताना वर्तुळाकार दिशेने जितके आकसते ते केंद्राकडच्या दिशेच्या साधारण दुप्पट असते. त्यामुळे चकतीला केंद्रापासून कडेपर्यंत पाचर काढल्यासारखी भेग जाते. म्हणून लहान लहान चौकोनी खांब उभे चिकटवून ठोकळा बनवत. साचा रोज त्याच जागी आपटला तर खड्डा पडतो, तेव्हा जागा बदलत राहायची आणि अधूनमधून रंधा मारून ठोकळा सपाट करायचा. ठोकळा हळूहळू संपणार हे गृहीतच धरलेले असे.

मग दगडाचे काय? काकांच्या दगडालाही इतिहास आहे, आणि तो पुस्तकबांधणीत सापडतो. चामड्याची कड दुमडायची तर ती आधी तासून कागदाइतकी पातळ करावी लागते. तासताना पाते जवळजवळ आडवे असते आणि धार खाली रुतत नाही, दगडाला समांतर सरकते. इथे खालचा पृष्ठभाग जराही दबला तर चामड्याला उंचवटा येतो आणि सुरी भोक पाडते. म्हणजे कापताना जो गुण हवा तोच तासताना दोष ठरतो. युरोपातल्या बांधणीकारांचा आवडता दगड म्हणजे शिळाछापाचा दगड. आलॉइस सेनेफेल्डर याने १७९६ ते १७९८ च्या दरम्यान शिळाछपाई शोधली आणि बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या चुनखडीला जगभर मागणी आली. (आर्किऑप्टेरिक्स हा पिसांचा जीवाश्म याच खाणींतला, म्हणून त्याच्या नावात 'लिथोग्राफिका' आहे.) गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवर, आणि राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तोही शिळाछापाचा. पुढे धातूचे पत्रे आणि ऑफसेट छपाई आली, दगड अडगळीत गेले आणि बांधणीकारांच्या टेबलावर येऊन स्थिरावले. कडप्पाही चुनखडीच. काकांनी आपला 'शिळाछापाचा दगड' एखाद्या ओट्याच्या उरलेल्या तुकड्यातून मिळवला होता, एवढाच फरक.

बांधणीत सरळ कापायला जस्ताचा पत्राही घेत. त्याचे काठिण्य चाळीसच्या आसपास, म्हणजे धारेला सोसण्याजोगे. लोखंडी पत्रा मात्र दुहेरी वाईट. तो धार तर घालवतोच, शिवाय बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले ओलसर चामडे त्याला लागले की निळेकाळे डाग पडतात. टॅनिन आणि लोह यांचा हा संयोग आपल्या ओळखीचाच आहे. हिरड्याची शाई अशीच होते. भोके पाडायच्या पंचाखाली खोगीरवाले शिशाची वडी घेत. शिसे धारेला छान, पण शाळेत त्याला जागा नाही. मुले तोच हात तोंडाला लावतात.

नव्या पदार्थांचा इतिहास त्या मानाने थोडक्यात सांगता येतो. १८६० च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन याने रंगाच्या डब्यावर जमलेली जवसाच्या तेलाची साय पाहून लिनोलियम केले. तेल, बुचाचा भुगा आणि खाली तागाचे कापड. ते जमिनीवर अंथरण्यासाठी होते, पण टेबलावर लावले तर सुरीलाही मानवते हे कारागिरांना लवकरच कळले. १९३३ च्या मार्चमध्ये इंग्लंडात गिब्सन आणि फॉसेट यांच्या उच्च दाबाच्या भांड्यात पांढरा मेणचट पदार्थ सापडला. ते पॉलिथिलीन. १९५३ साली जर्मनीत कार्ल त्सीग्लर यांनी ते कमी दाबाला बनवून दाखवले. या पद्धतीने होणारे पॉलिथिलीन घन आणि ताठ असते. त्सीग्लर यांना नात्ता यांच्याबरोबर १९६३ चे नोबेल मिळाले. आज स्वयंपाकघरात भाजी चिरायला जी पांढरी फळी असते ती हीच, आणि दाबयंत्रांखालीही आता लाकडाऐवजी प्लास्टिकच्या जाड लाद्या दिसतात. काठिण्य दहाच्याही आत, सिलिका नाही, आकसणे नाही. दोष एकच. पाते खोल रुतले की प्लास्टिक त्याला दोन्हीकडून चिमटीत धरते आणि वळण घेताना सुरी अडते.

आणि मग ओसाकाच्या योशिओ ओकादा यांचे पाते. छापखान्यात कागद कापताना पाते बोथट होऊन फार वाया जाते हे त्यांना खुपत होते. जोडे दुरुस्त करणारे कारागीर तळ खरवडायला काच वापरत आणि ती बोथट झाली की फोडून नवी धार काढत, हे त्यांनी पाहिले होते. त्याला अमेरिकन सैनिकांकडच्या चॉकलेटच्या खाचा असलेल्या वडीची जोड मिळाली, आणि १९५६ साली टोक मोडून नवी धार काढायचे पाते जन्माला आले. पुढे त्यांच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये फिरत्या चकतीची सुरी काढली. तिला सलग, मऊ आणि न खरवडणारा पृष्ठभाग लागतो आणि हिरव्या चटईचा खप तिच्याबरोबर वाढला. ही चटई 'आपोआप भरून येते' असे जाहिरातीत म्हणतात. खरे तर काहीच भरून येत नाही. मऊ पीव्हीसीत पाते पदार्थ बाजूला सारते आणि पाते निघाले की तो स्थितिस्थापकतेने परत जवळ येतो. उभ्या तंतूंचीच ही नक्कल.

गंमत अशी की इथे तीन हजार वर्षांचा हिशेब उलटला. पाते इतके स्वस्त झाले की मोडून टाकता येऊ लागले, आणि जपायची वस्तू झाली ती खालची चटई. शाळेचे अंदाजपत्रक अडले होते ते या उलट्या हिशेबामुळे.

शेवटी शाळेत काय केले ते सांगतो. सामान आलेल्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या फुकट मिळाल्या. त्यांच्यावर रद्दीपासून बनवलेला जाड करडा पुठ्ठा चिमट्यांनी बसवला. पुठ्ठा दबतो, पण भरकटू देत नाही, आणि चरे पडले की फेकून द्यायचा. पेंढ्याचा पिवळा पुठ्ठा मी टाळला, कारण भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर असते. एकदा ठेच लागलेली पुरे. पाकिटांची वळणे कापायला दोन मोठे ठोकळे शिवणीच्या लाकडाचे, लहान खांब उभे चिकटवून, वखारीजवळच्या सुताराकडून करून घेतले. पाते बोथट झाले की नाही हे मुले स्वतः तपासतात. वर्तमानपत्राचा कागद एका कोपऱ्यात धरून सोडायचा आणि त्यावरून पाते ओढायचे. कागद कापला गेला तर ठीक, फाटला तर टोक मोडायचे. कोणत्या पृष्ठभागावर किती काप गेल्यावर कागद फाटू लागतो याची मुलांकडून नोंद करून घेतली तर तो एक चांगला प्रकल्प होईल. मात्र पाते मोडायचे काम शिक्षकांनीच, पक्कडीने करावे.

ठोकळे तयार झाल्यावर बाईंनी काकांना शाळेत बोलावले आणि त्यांना रीतसर मानधनही दिले. त्यांनी मुलांना कड तासून दाखवली. ठोकळ्यावर अंगठ्याचे नख रुतवून पाहिले. यांकाची गोळी ती हीच. "चालंल," ते म्हणाले, "पण पावसाळ्याआधी जवसाचं तेल पाजा." जाताना त्यांनी कोपऱ्यात रचलेल्या कडप्प्याच्या तुकड्यांतला गुळगुळीत कडांचा एक निवडून घेतला. त्यांचा जुना दगड मध्ये झिजला होता.